वाघरीची गाठ

“कुणाला पटायचं न्हाई, पण मी जित्त्या लांडग्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घातलेला माणूस हाय,” ग्यानबा म्हणाला, आणि पुरावा म्हणून त्यानं उजव्या हाताची बाही वर केली.

सहा वर्षांच्या नातीनं, चंदानं, हात उलटासुलटा करून पाहिला. “इथं तर काहीच न्हाई, आबा.”

“काही न्हाई, हाच पुरावा. दात लागला असता तर हात राहिला असता व्हय?”

पेडगावच्या शिवारात, कापूस उपटून मोकळ्या झालेल्या रानात त्यांचा तळ पडला होता. चंदाचे आईबाप, मनिषा आणि बालाजी, मेंढ्या घेऊन उजाडताच कालव्याच्या कडेनं गेले होते. कुत्रीही त्यांच्याबरोबर. मागं उरली होती लांब चालता न येणारी कोकरं, तीन दगडांची चूल आणि ही तीन माणसं: ग्यानबा, त्याची बायको कासाबाई आणि चंदा. कोकरांभोवती वाघर ताणलेली होती. वाघर म्हणजे कमरेएवढं उंच सुताचं जाळं, खुंट्यांना बांधलेलं, एका कोपऱ्यात गाठ मारून बंद केलेलं. गाठ मारली की भिंत, सोडली की दार.

दहाला लाईट येणार होती. लाईट आली की शेतमालकाची मोटर सुरू होणार आणि दोन बांध ओलांडून पाणी आणावं लागणार. भरलेला कॅन कासाबाईच्या डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागायचं, आणि नजर अधू झालेल्या ग्यानबाला आता एकट्यानं बांध ओलांडता येत नव्हते. दोघांनाही जाणं भाग होतं. तेवढा तासभर चंदा वाघरीत कोकरांजवळ एकटी बसणार होती.

आणि आज सकाळी बांधाच्या ओल्या मातीत पंजा उमटलेला होता. ग्यानबानं तो बोटांनी चाचपून पाहिला होता. लांबट, रुंद, नखं पुढं रोवलेली. कुत्र्याचा नव्हता.

म्हणून ही गोष्ट. पोरीच्या मनात भीती बसावी, तिनं गाठीला हात लावू नये, एवढंच त्याला हवं होतं. पण ग्यानबाची जीभ भीती बसवणारी नव्हती. पोखर्णीपासून मानवतपर्यंत ज्याच्या ज्याच्या रानात त्यानं मेंढ्या बसवल्या, तिथली माणसं लेंडीखतापेक्षा त्याच्या थापांचीच वाट बघत.

“तर तो लांडगा बांधावर बसून माझं काम बघायचा,” ग्यानबानं सुरू केलं. “कोकरू मेलं की मी काय करतो?”

“त्याचं कातडं काढून दुसऱ्या कोकराला घालता. बिनआईच्याला. अंगड्यावानी.”

“मग मेंढी हुंगती. वास आपल्या लेकराचा, म्हणून पिऊ देती. चार वेताची मेंढी फसती, बाई. हे त्यानं बघितलं. हा फसवायचा इल्लम शिकला माझ्याकडूनच. मग आला वाघरीपाशी. आत सात पोरं. म्हणला, पोरांनो, गाठ सोडा, आई आलीय. पोरं म्हणली, आमच्या आईचा आवाज असला घोगरा न्हाई. झालं. उठला, सिद्दा मानवतच्या स्टँडवर गेला. तिथं माईकवर बाई बोलती का न्हाई, परभणीला जाणारी गाडी फलाटावर लागली हाय म्हणून? दिवसभर बसून तिचा आवाज घोटला.”

“तिकीट काढलं का त्यानं?”

“पंच्याहत्तरच्या वरचा व्हता. एस्टीत फुकट आला.”

चंदा खळखळून हसली. हसायला नको होतं तिनं. चुलीपाशी कासाबाई तव्यावरची शेवटची भाकर उलटत होती. तिनं मान वर केली नाही.

ग्यानबानं आवाज उतरवला.

“दुसऱ्यांदा आला तवा आवाज लय मऊ. अंगावर मेलेल्या कोकराचं कातडं. तोंड दिसंना. तो बाहेर बसलेला, आन सावली वाघरीच्या आत. पोरांच्या पायापतुर आलेली. घाई न्हाई त्याला. म्हणला, थोरली कोण हाय गं तुमच्यात? तूच सोड. तुझे हात बारीक हायत, तुलाच गाठ सुटती.”

चंदाचं हसू थांबलं. तिनं मांडीवरचं कोकरू गळ्याशी घट्ट धरलं आणि बांधाकडं पाहिलं. बांधावर काही नव्हतं. तरी ती बघत राहिली.

इथं थांबायला हवं होतं. ग्यानबाला ते कळत होतं. पण पोरीचा खालचा ओठ थरथरला, डोळे काठोकाठ भरले, आणि त्याची जीभ आपोआप जुन्या वाटेला लागली.

“पोरीनं सोडली गाठ. त्यानं साती पोरं गिळली. तवर मी आलो. लोकर कातरायची कातर घेतली, टरकावलं त्याचं पोट, आन कोपरापर्यंत हात घालून एकेक भाईर वढलं. सातीच्या साती जित्ती. केस जरा ओले, बाकी काही न्हाई. मग पोटात धोंडे भरले, दाभणानं शिवलं. कालव्याला पाणी प्यायला वाकला आन गेला तळाला. अजून असतील धोंडे तिथं.”

चंदानं श्वास सोडला. कोकरू खाली ठेवलं. उठली, वाघरीच्या कोपऱ्यात गेली आणि गाठीच्या लोंबत्या टोकाशी चाळा करू लागली.

“सगळी निघाली?”

“सगळी.”

“मग भ्यायचं कामून?”

ग्यानबानं हे आधी ऐकलं होतं. हेच शब्द. बत्तीस वर्षांमागं, पोखर्णीच्या वाटेवरच्या रानात, एवढीच पोर, अशीच वाघरीत उभी. त्याची थोरली लेक, बालाजीची बहीण, त्याच्यासमोर कधी जिचं नाव निघालं नाही ती सोनू. सकाळी तिला हीच गोष्ट सांगून तो आणि कासाबाई पाण्याला गेले होते. परत आले तेव्हा वाघर कुठं फाटलेली नव्हती. गाठ सोडलेली होती, हातानं, नीट. कोपऱ्यात सहा कोकरं एकमेकांवर चढून बसली होती. सोनू नव्हती. तीन दिवस गावानं तुरीची रानं धुंडाळली. गोष्ट कुणी सांगितली होती, हे ग्यानबानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

लांबून मोटरीचा आवाज आला. कासाबाईनं कॅन उचलले, दोन पावलं टाकली आणि परत खाली ठेवले.

“खोटं हाय ते,” ती म्हणाली. “सहाच निघाली.”

“अगं, पोर हाय समोर—”

“तवाबी पोरच व्हती. तवाबी तुमी सातच सांगितली. मी चुलीपाशीच व्हते.”

ग्यानबानं वर केलेली बाही हळूहळू मनगटापर्यंत खाली ओढली.

“सातवी कुठं गेली, आजी?” चंदानं विचारलं.

बांधापलीकडं मोटर चालू होती. कॅन तिथंच होते. चंदानं आजीकडं, मग आबाकडं पाहिलं आणि गाठीवरचा हात काढून घेतला.