बिनजोड होडी

गावातल्या कमलेशच्या आजोबांच्या मिठागरावर चिखलात रुतलेली वल्ह्याची होडी सापडली. त्याने ती धुऊनपुसून कोपरीतल्या आमच्या समाजहॉलच्या दारात ठेवली आणि मला विचारायच्या आधीच पाटी रंगवायला टाकली : ‘कारागीर – रघु भोईर’. तिच्या उद्घाटनाला मला शाल-नारळ द्यायचंही ठरलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कोणाला नको असतो मान? मलाही हवा होता, उगाच साधूपणाचा आव कशाला आणू!

“काका, आजोबांच्या सगळ्या होड्या तुम्हीच बांधायचात ना? मग ही पण तुमचीच. फक्त हो बोला,” कमलेश म्हणाला.

“अरे, आधी बघू तर दे!” मी खेकसलो.

होडीचं तोंड जिथे निमुळतं होत वर उठतं, त्या नाळेपाशी माझ्या होडीच्या फळीला जोड असतो. एवढ्या वाकणात अखंड फळी तडकतेच. म्हणून दोन तुकडे घ्यायचे, सांधा बसवायचा, फटीत कापूस ठोकायचा. मी खाली बसून डांबर खरवडलं आणि अंगठ्याच्या नखाने जोड शोधू लागलो. डावीकडे मिळेना. उजवीकडे गेलो, तिथेही नाही.

फळी अखंड होती. लाकडाच्या रेघा मधल्या बाकापासून निघून न तुटता नाळेपर्यंत वळत गेलेल्या, कुठे केसाएवढीही चीर नाही. इतकी वर्षं चिखलात पडूनही नाही. मी तोंडात बोटं घातली. काय काम होतं ते!

आणि हा हात कोणाचा, ते लगेच कळलं.

दगडू मेस्त्री कोकणातून आला आणि कल्याणच्या खाडीवर होड्या बांधू लागला. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गावदेवीच्या जत्रेत तो सांगत होता, फळी पंधरा दिवस खाडीच्या चिखलात मुरवायची, मग ओलं गोणपाट गुंडाळून तुसाच्या धगीवर हळूहळू वाकवायची, जोड लागतच नाही. मी चारचौघांत हसलो. “थापाड्या आहे हा,” म्हणालो. त्याचं काम बघायला मात्र गेलो नाही. मी इथला, माझ्या शब्दाला वजन, तो उपरा. त्याची गिऱ्हाइकं तुटली. शेवटी बिचाऱ्याने दारं-खिडक्या करून पोट भरलं. थापाड्या हे नाव मरेपर्यंत सुटलं नाही. कमलेशच्या आजोबांनी ही होडी त्याच्याकडून घेतली आणि माझ्या तोंडाला घाबरून मिठागरावरच ठेवली असणार.

आता गप्प बसलो असतो तर कोणाला काय कळणार होतं? कमलेशला होडीतलं ओ की ठो कळत नाही. खरं बोललो तर शाल जाणार, वर चाळीस वर्षं मी एका खऱ्या माणसाला खोटं पाडलं, हे गावभर होणार. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण रोज जाऊन त्या फळीवरून हात फिरवायचो आणि दरवेळी वाटायचं, हे मला उभ्या जन्मात जमलं नसतं. असलं काम स्वतःच्या नावावर घ्यायला जीभ वळेना.

दगडूची मुलगी शेवंती ठाकुर्लीला राहते. लाकडाच्या वखारीतून तिचा नंबर मिळवला आणि तिला बोलावलं. ती आली, पण लांबच उभी राहिली.

कमलेश आणि पाटीवाल्या पेंटरच्या देखत मी म्हणालो, “शेवंती, ही होडी तुझ्या बाबांची. ते खरं सांगत होते गं. खोटा मी होतो.”

ती पुढे आली. तिने फळीवर हात ठेवला आणि बाकापासून नाळेपर्यंत सावकाश नेला.

“हे बाबा असताना बोलायला पाहिजे होतं, काका.”

“हो,” मी म्हणालो.

कमलेशचा चेहरा पडला. “काका, मग पाटीचं काय करायचं?”

“माझं नाव पूस. दगडूचं लिही.”

पेंटरने ब्रश उचलला. “पूर्ण नाव सांगा.”

मी तोंड उघडलं आणि शेवंतीकडे वळलो. चाळीस वर्षं ज्याला नावं ठेवली, त्याचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं.

“दगडू गुणाजी मेस्त्री,” शेवंती म्हणाली.

पेंटर लिहीपर्यंत मी ते मनात तीनदा घोकलं. परवा उद्घाटनाला साऱ्या गावासमोर, माईकवर, मला ते नाव घ्यायचं होतं.