पाण्याच्या पानाखाली

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. परीक्षेला जाताना तुम्ही कागदाखाली धरता ना, तसाच. तपकिरी पुठ्ठ्याचा, डोक्यावर लोखंडी चाप असलेला. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने सतरा हा आकडा लिहिला आहे. पण मी कधी परीक्षेला गेलो नाही. मी लोकांच्या घरी गेलो, आणि तिथे एका दिवशी मला जी भीती वाटली, ती अजून अंगातून गेलेली नाही. आज तुम्हाला सांगून टाकतो.

लाकडाचा भुसा भिजवून, दाबून आणि तापवून मला बनवलं. माझ्यासारख्या चाळीस पॅडांचा गठ्ठा एका संशोधन संस्थेने विकत घेतला. ही संस्था बायकांच्या तब्येतीचा अभ्यास करायची. घरात मुलं किती असावीत, दोन मुलांमध्ये अंतर किती असावं, बाळंतपणात बाईला काय सोसावं लागतं, तिला हवं ते औषध दवाखान्यात मिळतं का, हे सगळं संस्थेला जाणून घ्यायचं होतं. गरीब वस्त्यांमध्ये हे प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. आणि विचारल्याशिवाय कळणार कसं? कळल्याशिवाय डॉक्टर आणि औषधं तिथे पोचणार कशी?

घरोघर जाणाऱ्या ताईंना आधी महिनाभर शिकवलं गेलं. शिकवायला एक मोठ्या बाई होत्या. त्यांचा आवाज हळू होता, पण नियम कडक होते. उत्तरांच्या कागदावर नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. बाईशी एकटीशीच बोलायचं. आणि मध्येच कुणी खोलीत आलं तर?

"तर पाण्याचं पान," मोठ्या बाई म्हणाल्या.

म्हणजे असं, की प्रत्येक पॅडवर खऱ्या कागदांसोबत एक वेगळं पान असायचं. त्यावर साधे प्रश्न होते. नळाला पाणी किती वेळ येतं, गढूळ येतं का, साठवता कशात. कुणाची चाहूल लागली की ताईने ते पान वर घ्यायचं आणि पाण्याविषयी विचारू लागायचं. येणाऱ्याला वाटावं, पाण्याचीच चौकशी चालली आहे. कारण मित्रांनो, काही घरांत बाईने आपल्या शरीराबद्दल परक्या माणसाशी बोललेलं चालत नाही. बोलल्याचं कळलं तर तिला त्याची शिक्षा भोगावी लागते.

मी ज्या ताईच्या वाट्याला आलो ती बारीक चणीची आणि भराभर चालणारी होती. ती मला छातीशी धरून चालायची. आम्ही इतक्या घरी गेलो आणि इतक्या वेळा कुणी ना कुणी आत डोकावलं, की वस्तीत तिचं नावच पडलं, पाणीवाल्या ताई. रस्त्यात बायका तिला अडवायच्या. "अहो पाणीवाल्या ताई, लिहून लिहून तुमचा हात दुखला, पण नळ काही टपकला नाही." ताई हसायची आणि पुढे व्हायची. मलाही गंमत वाटायची. आपली युक्ती फारच छान जमली, असं आम्हा दोघांना वाटत होतं. ती जास्तच छान जमली होती, हे तेव्हा कळलं नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही एका तीन मजली चाळवजा इमारतीत गेलो. तळमजल्यावरच्या खोलीत एक बाई शिलाई मशीनवर बसली होती. सगळे तिला शिलाईवाल्या वहिनी म्हणायचे. तिच्या मुली शाळेत गेल्या होत्या. नवरा वेल्डर, कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं. ताईने दार लोटून घेतलं आणि वहिनी बोलू लागली. बोलताना तिने मशीन चालूच ठेवलं होतं. रिकामंच. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

ताई लिहीत गेली आणि प्रत्येक अक्षर माझ्या अंगावर उमटत गेलं. बाळंतपणं पाच, हयात मुली तीन. शेवटच्या वेळी रक्त थांबेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा दिवस राहिले तर बाई वाचायची नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी ती दवाखान्यात जाऊन एक इंजेक्शन घेत होती. ते घेतलं की तेवढे दिवस गर्भ राहत नाही.

"घरी माहीत आहे?" ताईने विचारलं.

"नाही. त्यांना अजून एक हवंय. डॉक्टरांचं बोलणं ते मनावर घेत नाहीत. म्हणाले, न विचारता कसलं औषध घेतलंस तर माहेरी पाठवीन. मुली इथेच राहतील."

ताईने तेही लिहिलं. 'नवऱ्याला माहीत नाही.' तीन शब्द. त्या तीन शब्दांत तिच्या मुली होत्या, आणि तिचा जीवही होता. मला माझा चाप एकदम ढिला वाटू लागला.

तेवढ्यात दार उघडलं. वहिनीची थोरली नणंद आत आली. तिला सगळी चाळ अक्का म्हणायची. पायऱ्यांवर तिची चप्पल वाजली की मुलं खेळ थांबवायची, अशी तिची ख्याती. ताईने क्षणात पाण्याचं पान वर घेतलं. "हं, मग पाणी किती वेळ येतं म्हणालात?"

"तिला काय विचारता? पाणी मी भरते," अक्का म्हणाली. "म्हणजे तुम्हीच त्या पाणीवाल्या. पलीकडच्या गल्लीत चारदा गेलात, आमच्याकडे आज उगवलात. लिहा. पाऊण तास येतं, तेही वरच्या मजल्यावर चढत नाही. लिहिलंत? बघू."

आणि तिने मला ताईच्या हातातून घेतलं. ओढून घेतलं असंही म्हणता येणार नाही. आपलीच वस्तू असावी तसं घेतलं.

"एकटीचं कोण ऐकतं? सगळ्या चाळीच्या सह्या घेऊन येते."

"अहो नको, मी घेते ना सह्या."

"तुम्हाला कोण दार उघडणार? बसा तुम्ही. हिला म्हणावं पाणी दे. आहे तोवर."

वहिनी मशीनवरून उठली नाही. तिची नजर माझ्यावर होती, आणि पायाखालचं मशीन आता थांबलं होतं. ताई मला हिसकावून घेऊ शकली असती. पण पाण्याच्या कागदासाठी कुणी हिसकाहिसकी करतं का? केली असती तर अक्काने त्याच क्षणी पान उलटलं असतं.

मित्रांनो, त्यानंतरचा अर्धा तास मी हातोहाती फिरलो. ताई मागोमाग धावत होती, "द्या ना, मी धरते" म्हणत होती, आणि अक्का म्हणत होती, "जड आहे का तो? पुठ्ठा तर आहे." एका बाईने पिठाच्या हाताने सही केली. एका काकांनी मला भिंतीला टेकवून इतका जोर दिला की खालचं पान सरकून त्याचा कोपरा बाहेर आला. माझ्या हातात फक्त चाप आवळून धरणं होतं. मी जिवाच्या आकांताने तो आवळला. दुसऱ्या मजल्यावर एका आजोबांनी ताईला गाठलं. "बरं झालं भेटलात. टाकी शेवटची कधी धुतली, लिहून घ्या." त्यांनी तिची वाटच अडवली. तिने इतके दिवस पाणी विचारलं होतं. आता तिला पाणी ऐकणं भाग होतं.

अक्का एकटीच वर आली. जिन्याच्या वळणावर दम खायला बसली. पान जवळपास भरलं होतं. मागे कोरी जागा आहे का हे बघायला तिने ते उचललं, आणि खालचं पान उघडं पडलं.

ती वाचू लागली. तिचे ओठ हलत होते. बाळंतपणं पाच. हयात मुली तीन. व्यवसाय, शिवणकाम. कागदावर नाव नव्हतं, पण नाव नसलं म्हणून माणूस ओळखू येत नाही असं थोडंच आहे? शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिने पाण्याचं पान होतं तसं पुन्हा वर पसरलं, उठली, दुसऱ्या बाजूच्या जिन्याने खाली उतरली आणि थेट कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानाकडे चालू लागली.

मी पुठ्ठ्याचा आहे. मला ओरडता येत नाही, पडताही येत नाही. मला एवढंच कळत होतं, की हिला सगळं समजलं आहे आणि ही भावाकडे चालली आहे.

दुकानात ठिणग्या उडत होत्या. त्याने डोळ्यांवरची काच वर केली. "काय गं अक्का?"

"सही कर. पाण्याचा अर्ज आहे."

"जागा कुठे आहे इथे? खालच्या पानावर करतो." त्याने काळ्या अंगठ्याने कोपरा उचलला. "हे काय? शिवणकाम... मुली तीन..."

अक्काचा तळहात माझ्यावर पडला. सपाट आणि जड.

"ते आपलं नाही. त्या बाईचे दुसरे कागद आहेत."

"अगं, पण शिवणकाम लिहिलंय. आपल्यासारखंच दिसतंय."

"जगात शिवणारी तुझी बायको एकटीच का? पलीकडच्या गल्लीतही दोघी आहेत. लोकांचे कागद वाचायची ही कुठली सवय? समासात कर सही. आणि हात पुसून कर."

तो हसला. "तुझ्यापुढे कोण बोलणार." त्याने हात पुसले आणि समासात सही केली. तळहात तोवर हलला नाही.

परतताना ताई धापा टाकत समोरून आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. अक्काने मला लगेच दिलं नाही.

"तुमचं पाणी खोटं आहे," ती हळू म्हणाली. "घाबरू नका. शेवटच्या वेळी तिच्या उशाशी मी होते. चादरी मी धुतल्या. तिसऱ्या पाण्यालाही लाल निघत होत्या. भाऊ बाहेर बाकावर बसला होता, त्याने काय पाहिलं? मी वाचलंय हे तिला सांगू नका. धास्तीने दवाखान्यात जायची थांबेल." मग तिने मला ताईच्या हातात दिलं. "आणि हा अर्ज मात्र खरा पोचला पाहिजे. एकवीस सह्या आहेत."

ताईने तो अर्ज स्वतः नेऊन दिला. आपली चूकही तिने मोठ्या बाईंपुढे उभं राहून सांगितली. त्यानंतर नियम बदलला. कुणी आलं की खरा कागद आधी पिशवीत जायचा आणि पाण्याचं पान वेगळ्याच पॅडवर असायचं.

पण माझी भीती तेवढ्याने गेली नाही. रात्रंदिवस वाटायचं, एखाद्या भांडणात अक्काच्या तोंडून निघून गेलं तर? वर्षभराने दुसऱ्या फेरीसाठी आम्ही त्या दारात गेलो, तेव्हा मी दारातूनच कानोसा घेतला. आतून मशीनचा आवाज आला. या वेळी ते रिकामं नव्हतं. सुईखाली निळं कापड होतं. वहिनी म्हणाली, इंजेक्शन चालू आहे. मग जरा गोंधळून म्हणाली, "आमच्या अक्काचं काही समजत नाही. दर तीन महिन्यांनी म्हणतात, चल, कापड आणायला जाऊ. दवाखान्याशी पोचलो की म्हणतात, तू हो पुढे, माझे पाय दुखतात. आणि बाकावर बसून राहतात."

ताईने मान खाली घातली आणि लिहीत राहिली.

आता मी संस्थेच्या कपाटात तळाशी आहे. चापाला गंज चढला आहे. ताईंच्या हातात आता फोन असतात, उत्तरं त्यातच भरतात. माझी कुणाला गरज नाही, याचं मला फारसं दुःख नाही. पण फोन उघडा टाकून कुणी चहाला गेलं, की कपाटातही मी माझा चाप आवळून धरतो.

मित्रांनो, तुमच्याही हातात कधी दुसऱ्याचं काही येईल. बहिणीची वही, मित्राचं पत्र, आईचा दवाखान्याचा कागद, कुणाचा उघडा राहिलेला फोन. त्यात काय आहे आणि त्यावर कुणाचं काय अवलंबून आहे, हे तुम्हाला माहीत नसेल. माहीत करून घ्यायची गरजही नाही. आणि चुकून नजर पडलीच, तर फार मोठं काही करावं लागत नाही. पान झाकायला एक तळहात पुरतो.