रोज सकाळी, भरपूर

मबरूकच्या हाताला यश होतं, पण जिभेला हाड नव्हतं. दूझ गाव संपून वाळू सुरू होते तिथे त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. समोरच्या सावलीत तीन म्हातारे वाळूत खळगे करून, खजुराच्या बिया आणि खडे मांडून दिवसभर खारबगा खेळत. त्यांना ऐकू जाईल असं बोलायला मबरूकला फार आवडे.

त्या दिवशी नर्स नझीहा मोटारसायकल ढकलत आली. मागे लसींची पेटी बांधलेली, बूट वाळूने भरलेले. वाडीच्या वाटेवर साखळी तुटली होती आणि तिथून दोन तास ती चालत होती.

मबरूकने वाकून बघितलं न बघितलं आणि आवाज चढवला. "नर्सबाई, लेकरांना सुया टोचायचं बरं आठवतं. साखळीला तेलाचं बोट लावायला काय होतं?"

"अरे, गाडीलाच एक सुई टोच," अम्मारकाका म्हणाले, आणि म्हातारे खुदुखुदु हसले. नझीहाचा चेहरा उतरला. ती आत पाणी प्यायला गेली.

मबरूकने साखळी हातात घेतली. कोरडी कसली, तेलात वाळू कालवून झालेला काळा चिखल कडीकडीत बसला होता. त्या चिखलानेच ती कानशीने घासावी तशी झिजली होती. पान्ह्यासाठी त्याने सीटखालची पिशवी उघडली, तर आत अर्धी संपलेली बाटली. वर त्याचंच अक्षर: रोज सकाळी, भरपूर.

हिवाळ्यात एक ट्रकवाला चिकट गिअर ऑइलचा मोठा डबा टाकून गेला होता. मबरूकने ते बाटल्यांत भरून फुकट वाटलं आणि दानशूर म्हणून मिरवून घेतलं. त्याच्या उस्तादाने मात्र त्याला कान पिळून शिकवलं होतं: वाळूत तेल नाही, मेण. रॉकेलने साखळी धू, पातळ मेण आतल्या बाजूने सोड, मुरू दे, मग बोट काळं होईनासं होईपर्यंत पूस. स्वतःच्या गाडीला मबरूक मेणच लावत आला होता.

त्याने बाटली खिशात घातली. सांगायलाही बरं वाटत नाही, पण घातली.

नवी साखळी चढवून, मेण सोडून तो पुसत होता, तेवढ्यात नझीहा बाहेर आली. "मबरूकभाऊ, चुकलंच माझं. लसींच्या गडबडीत दोन दिवस तेल घालायचं राहिलं. एरवी तुम्ही सांगितलंत तसं रोज घालते हो."

मबरूकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'असू दे' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण तो उठला आणि त्याने खिशातली बाटली म्हाताऱ्यांच्या डावाशेजारी नेऊन ठेवली.

"चूक हिची नाही," तो म्हणाला. "दोन दिवस तेल घातलं नाही तेच बरं केलं. वाळूत हे घालायचं नसतं. मला ठाऊक होतं."

"तुझ्या गाडीला काय घालतोस?" अम्मारकाकांनी विचारलं.

"मेण."

अम्मारकाका गुडघ्यावर हात टेकून उठले, भिंतीशी लावलेल्या आपल्या गाडीपाशी गेले आणि तसलीच बाटली आणून पहिलीशेजारी ठेवली. मग दुसरा म्हातारा उठला. मग तिसरा. एरवी टोमण्यांवाचून ज्यांचा घास उतरत नसे ते तिघे अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मबरूकला सोसल्या असत्या.

रॉकेलचा डबा घेऊन तो अम्मारकाकांच्या गाडीपाशी खाली बसला. मान वर करायची त्याला हिंमत नव्हती. शेजारी कुणीतरी उकिडवं बसलं. नझीहा होती, हातात फडकं घेऊन.

"हे कसं पुसायचं, ते दाखवा," ती म्हणाली. "वाडीवर सहा जणांना मी तुमचंच तेल वाटलंय."