वाघदेवाशी अबोला

डॉक्टरांनी कागद नीलेशच्या हातात परत दिले. "रक्त चांगलं आहे, छातीचा ईसीजी चांगला, सोनोग्राफीतही काही नाही. आईंना आजार असा नाहीच. मग जेवत का नाहीत? मनाला काही लागलंय का, जरा विचारून बघा."

नीलेशला एकदम हलकं वाटलं. सूर्यमाळच्या पाड्यावरून धाकट्या भावाच्या बायकोचा, रुपीचा, फोन आल्यापासून त्याच्या डोक्यात नको नको ते येत होतं. "भाऊजी, आई वाळत चालल्यात," रुपी म्हणाली होती. "नवा तांदूळ घरात आलाय, पण शीत तोंडात घालत नाहीत. नाचणीची कोरडी भाकर चघळतात नि बसून राहतात." तेव्हा तो तसाच जीप धरून वर गेला आणि आईला तपासायला जव्हारला घेऊन आला.

स्टँडजवळच्या हॉटेलात त्यानं दोन चहा सांगितले. धोंडीबाईनं चहा बशीत ओतला, पण बशी तोंडाला लावली नाही.

"आये, आता खरं सांग. काय झालंय?"

"डॉक्टरला काय घावणार ते," धोंडीबाई म्हणाली. "माझं भांडण झालंय."

"कोणाशी? रुपीशी?"

"ती बिचारी काय करतेय? वाघदेवाशी. बोलत नाय मी त्याच्याशी. उन्हाळ्यापासून."

नीलेश हसणार होता, पण आईचा चेहरा बघून थांबला. तो जव्हारच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. देव आहे हे कशावरून, आणि असलाच तर जगात इतकं दुःख का, हे दरवर्षी वर्गात फळ्यावर मांडायचा. दर दिवाळीला घरी गेला की आईशीही वाद घालायचा, की ओढ्याकाठचा तो नुसता शेंदूर फासलेला दगड आहे. आई ऐकून घ्यायची आणि नारळ घेऊन निघायची. आता तिनं आपणहून जाणं सोडलं होतं, तर त्याला बरं वाटायला हवं होतं. ते काही वाटेना.

"नवशीमुळे?" त्यानं हळूच विचारलं.

धोंडीबाईनं होकाराची मान हलवली. नवशी तिची जन्माची सोबतीण. दोघी एकाच साली लग्न होऊन पाड्यावर आलेल्या, सगळं आयुष्य पाण्याला बरोबर गेलेल्या. उन्हाळ्यात ओढा आटला की बायका वाळूत झिरा खणून वाटी-वाटीनं पाणी भरायच्या. नवशी भरलेल्या हंड्यातलं पहिलं ओंजळभर पाणी वाघदेवावर घालायची, मगच घरची वाट धरायची. या वैशाखात ती झिरा खोल करायला वाकली आणि काठाची दरड तिच्यावर आली. बायकांनी हातांनी माती उपसली, पण उशीर झाला होता.

"दगड तिथून हाकेवर हाय," धोंडीबाई म्हणाली. "तुला येतं ना हे सगळं? सांग मंग. त्यानं काय केलं?"

नीलेशनं वर्गात सांगतो तसंच सांगायला घेतलं. "काही लोक म्हणतात, दुःखातूनच माणूस घडतो."

"नवशी घडलेलीच होती. अजून काय घडवायचं होतं?"

"काही म्हणतात, देवाचं काहीतरी कारण असतं, आपल्याला ते दिसत नाही."

"मंग सांगावं त्यानं. मी काय बहिरी हाय?"

"आणि काही म्हणतात, मातीला मातीचा नियम आहे. ओली झाली, आधार गेला, की ढासळणारच. देव मध्ये हात घालत नाही."

"हे पटतं. त्या काठाला चीर पडली होती, मी बघितली होती. पण हात घालायचाच नाय, तर ती रोज पाणी कोणाला घालत होती?"

नीलेशचं स्वतःचं मत तिला ठाऊक होतं, ते आत्ता पुन्हा बोलावं असं त्याला वाटेना.

"पण भांडण झालं म्हणून जेवण कशाला टाकलंस?"

"नवा भात त्याला दाखवल्याशिवाय खायचा कसा? आणि दाखवायला मी जायची नाय." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "रुपी जाते म्हणाली, तर मीच नको म्हटलं. आता भ्या वाटतं रे. मी तोंड फिरवलं म्हणून त्यानं नातवाला काही केलं तर? शाळेतून पोर यायला उशीर झाला की जीव उडतो. बोलायला जावं तर तोंडात शिवीच येते. देवाला शिवी कशी द्यायची?"

म्हणजे हे होतं तर. नीलेश पुढं सरकला.

"आये, ऐक. देवाला शिव्या घालणारी तू पहिली नाहीस. आपल्याकडच्या संतांनी घातल्यात. दुसऱ्या धर्मांतल्या मोठमोठ्या भक्तांनीही देवाला जाब विचारलाय, तुझा न्याय कुठंय म्हणून. त्यांना कोणी पापी म्हटलं नाही. उलट म्हणतात, भांडला तो जवळचा होता म्हणून भांडला."

"खरं सांगतोस?"

"वर्गात शिकवतो मी हे."

"आणि पोरं लिहून घेतात?"

"घेतात की."

धोंडीबाईनं गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. "चल. शेवटची जीप जाईल."

सूर्यमाळला जीपमधून उतरली ती घराकडे वळलीच नाही. ओढ्याच्या वाटेनं तरातरा चालत सुटली, नीलेश मागून. दगडापुढं जाऊन ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"तुला लाज वाटली नाय?" ती ओरडली. "तुझ्या अंगावर पाणी घालून घालून तिचे हात झिजले रे! एक हाक देता आली नाय? मागं हो, नवशे, एवढं सांगता आलं नाय?" मग अशा अशा शिव्या दिल्या, की नीलेशनं मान खाली घातली. शेवटी ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. नवशीच्या मातीलाही ती रडली नव्हती. नीलेश शेजारी बसून राहिला. पाठीवर हात ठेवण्यापलीकडे त्याला काही करायचंही नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. "झालं."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? निमूट ऐकून घेतलं." तिनं दगडावर पडलेली पानं हातानं झाडली. "माफ नाय केलं मी त्याला. पण नातवाचं भ्या गेलं. एवढं ऐकून घेणारा पोराच्या वाटेला नाय जायचा."

सकाळी तिनं स्वतः चुलीवर नवा भात शिजवला. एक वाटा वाघदेवाला, दुसरा झिऱ्याच्या जागी नवशीला. मग घरी येऊन पाटावर बसली आणि रुपीला म्हणाली, "सुके बोंबील भाज गं. नुसता भात कसा जाईल?"

दोनदा भात मागून घेतला तिनं. वाढता वाढता रुपी हसत होती आणि डोळेही पुसत होती. नीलेशसाठी ओढ्याकाठचा दगड अजूनही दगडच होता. पण आईचं ताट भरलेलं होतं, आणि त्याला बऱ्याच दिवसांनी कडकडून भूक लागली होती. त्यानं आपलं ताट पुढं केलं.