पेटीवरची बारकी

घरातलं शेंडेफळ म्हणून तिला लहानपणी सगळे बारकी म्हणायचे, आणि चाळिशी उलटून केस पिकायला लागले तरी ती बारकीच राहिली. नवऱ्याशी कायमचं फाटलं तेव्हा ती एक बॅग घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. दादाने एका शब्दाने काही विचारलं नाही. काचघराला लागून रोपांचे ट्रे ठेवायची एक खोली होती. ती झाडूनपुसून, रंग देऊन त्याने तिच्या हवाली केली. खोलीला दोन दारं होती. एक वहिनीच्या स्वयंपाकघरात उघडायचं, दुसरं काचघरात. रस्त्यावर जायचं तर या दोहोंपैकी एकातून जावं लागे. तिला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

काचघरात ढोबळी मिरची होती. दोऱ्यांनी वर बांधलेली झाडं माणसाच्या डोक्यावरून गेलेली. त्यांचं खाणंपिणं बारकीकडे असायचं. सकाळी उठून टाकीत खत कालवायचं आणि ठिबकच्या नळ्यांतून सोडायचं. पण कोणतं आणि किती, हे दादा सांगणार, आणि दादाचं सांगणं ठरलेलं असे: युरिया वाढव. व्यापारी मिरची वजनावर घ्यायचा. युरिया मिळाला की झाडं हिरवीगार तरारत आणि फळ टम्म फुगे.

"दिसते टम्म, पण लागते पाणचट," बारकी एकदा म्हणाली.

"काट्याला कुठे जीभ असते, बारके?" दादा हसला.

तरी तिने हट्टच धरला तेव्हा शेवटच्या चार ओळी त्याने तिला दिल्या, रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तशा. बारकीने तिथला युरिया निम्म्याहून खाली आणला, मुळांशी चांगलं कुजलेलं कंपोस्ट घातलं, पोटॅशचं खत वाढवलं. फळं लहान आली, पण जाड सालीची, रसरशीत. मग एकाच सकाळी दोन्हीकडची सारखीच पिकलेली लाल मिरची तोडून तिने प्रयोगशाळेत नेऊन दिली. तिच्या ओळींतल्या मिरचीत क जीवनसत्त्व चांगलंच जास्त निघालं. गोडीही जास्त. जेवताना तिने हे सांगितलं, तेव्हा दादाने घास हातात धरून सगळं ऐकून घेतलं. बारकीला वाटलं, आता सगळ्या काचघराचं खत बदलणार.

बदलल्या त्या पेट्या. नव्या पेटीच्या झाकणावर तिचाच हसरा चेहरा होता, वहिनीने सहज म्हणून काढलेल्या फोटोतला. खाली छापलं होतं: 'बारकीच्या बागेतली मिरची. जीवनसत्त्वांनी भरलेली.'

"आणि खत?" तिने विचारलं.

"खताला काय झालंय? तपासणीला तुझ्या ओळींतली पाठवू. पेट्या भरायला बाकीचं काचघर आहे की."

"दादा, ही शुद्ध फसवणूक आहे."

"कसली फसवणूक? चेहरा तुझा, मिरची आपली." मग त्याने आवाज खाली आणला. "तू आलीस तेव्हा मी तुला काही विचारलं होतं का? मग तूही विचारू नकोस."

बारकी पुन्हा टाकीशी गेली आणि तिने युरिया कालवला.

पेट्यांचा खप वाढला, तसं रस्त्यात लोक तिला ओळखू लागले. दुकानात एका बाईने तिचा हातच धरला. "आमची मुलगी आजारातून उठलीय. दुसरं काही तोंडात घेत नाही, तुमची मिरची तेवढी आवडीने खाते." बारकी "बरं, बरं" म्हणाली आणि सामान न घेताच परतली. त्यानंतर तिने बाहेर पडणं सोडलं. स्वयंपाकघर, खोली, काचघर. काचघर, खोली, स्वयंपाकघर. दमट हवेत काचा घामेजायच्या आणि पलीकडचा रस्ता दिसेनासा व्हायचा. तेच तिला बरं वाटू लागलं, आणि बरं वाटतंय हे कळलं तेव्हा ती घाबरली.

एक दिवस रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाई आल्या. आजारातून उठणाऱ्यांना हीच मिरची द्यायचा त्यांचा विचार होता. दादाने त्यांना शेवटच्या ओळी दाखवल्या, खाऊन बघायला लावलं, मग पेट्या भरायच्या शेडमध्ये आणलं.

"ताई, तुम्हीच ना त्या?" बाई कौतुकाने म्हणाल्या.

"बाई, या पेट्यांत ती मिरची नाही," बारकी म्हणाली.

शेडमध्ये पेट्या भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. दादा मोकळं हसला. "हिचं असंच असतं. कौतुक झालं की लाजते."

"अहो, पेटीवर तर तुम्हीच आहात!" बाईही हसल्या.

भिंतीला लावून छतापर्यंत पेट्या रचल्या होत्या, आणि प्रत्येकीवरून तिचंच तोंड तिच्याकडे बघून हसत होतं. तिने पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनीने येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. "वन्सं, दमलात तुम्ही. चला, पाणी प्या." आणि तिला हळूच आत नेलं.

बाहेर बाईंची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तशी बारकी उठली. खोलीतून काचघरात शिरली, मोठ्या ओळींतली मिरची एका पिशवीत आणि आपल्या ओळींतली दुसऱ्या पिशवीत ओरबाडून भरली, आणि धावत जाऊन गाडीच्या आडवी उभी राहिली.

"ही तपासणीची, ही पेटीतली. मला वेडी म्हणा हवं तर, पण दोन्ही वेगवेगळ्या तपासून घ्या."

बाईंनी तिच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि पिशव्या घेतल्या. दादा फाटकात उभा राहून बघत होता.

त्यानंतर घरात तिच्याशी कुणी बोललं नाही. ताट मात्र वेळेवर वाढलं जायचं, आणि ते जेवणं तिला सर्वांत जड गेलं.

पुढे तपासणीचा निकाल आल्यावर बाईंचा दादाला फोन आला. रुग्णालय फक्त तिच्या ओळींतली मिरची घेणार होतं, आणि पेटीवरचा मजकूर काढला नाही तर बाई दुकानदारांना कळवणार होत्या. दादा तिच्या खोलीत आला आणि पलंगाच्या कडेवर टेकला. एकाएकी म्हातारा दिसत होता.

"लोकांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. काय हवं होतं तुला?"

"सगळ्या झाडांना तेच खत."

"मग घाल. आजपासून तूच ठरव. पण वजन घटलं, व्यापारी फिरला आणि कामावरच्या बायकांना घरी बसवायची पाळी आली, तर ते त्यांना तू सांगायचं."

"आणि मी इथून निघून गेले तर?"

"तर पुन्हा युरिया," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तिला धमकीपेक्षा ते जास्त लागलं. ती आली तशी बॅग भरून जाऊ शकत होती. अडवणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायका कामावर आल्या तेव्हा बारकी मोठ्या ओळींत कंपोस्टची ढकलगाडी घेऊन गेली होती. त्यांच्यातली सगळ्यांत जुनी म्हातारी पदर खोचत जवळ आली.

"ताई, इकडेही तेच घालताय?"

"हो. फळं लहान होतील आता."

"मग आमचं कसं?"

"माहीत नाही," बारकी म्हणाली. म्हातारीने ढकलगाडीतलं दुसरं फावडं उचललं आणि पुढच्या झाडाशी वाकली.