कठड्याचा पाठ

येरुशा सिस्टरांच्या गच्चीला तीन वर्षं कठडा नव्हता. स्लॅब पडला, जिना झाला, विटांची टाकी उभी राहिली, तिला गिलावाही झाला नाही, आणि मग दरवर्षी काहीतरी आडवं येत गेलं. सिस्टर मूळच्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. वडवणीला नर्स म्हणून आल्या आणि निवृत्त झाल्यावर इथंच राहिल्या. गावाला ज्यू वगैरे ठाऊक नव्हतं. शनिवार पाळणाऱ्या, त्या दिवशी कुठल्याच कामाला हात न लावणाऱ्या सिस्टर, एवढी ओळख पुरे होती.

शनिवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर पाच-सहा बायका जमायच्या. तोरा या त्यांच्या धर्मग्रंथाचा त्या आठवड्याचा ठरलेला भाग, म्हणजे पाराशा, सिस्टर मराठीत वाचायच्या आणि त्यातून रोजच्या जगण्याचा एक धडा काढून द्यायच्या. देवानं रोजच्या रोज आभाळातून पाडलेलं अन्न, मान्ना, लोकांनी साठवलं आणि ते किडलं, हे ऐकून शेजारच्या मनकर्णानं फ्रीजमधलं चार दिवसांचं कालवण फेकून दिलं होतं. सिस्टरांना हे सांगणं आवडायचं. खरं बोलायचं तर जरा जास्तच आवडायचं.

या आठवड्याचा भाग त्यांना आधीच ठाऊक होता: नवं घर बांधशील तर गच्चीला कठडा घाल, कुणी पडलं तर त्याचं रक्त तुझ्या घरावर येईल. बिनकठड्याच्या घरात बसून हा पाठ चौथ्यांदा सांगायची त्यांना लाज वाटली. म्हणून शुक्रवारी त्यांनी घाईघाईनं विटा मागवल्या. जालिंदर गवंड्यानं त्या गच्चीवर चढवून जिन्याच्या तोंडाजवळ छातीइतक्या रचल्या. तोवर दिवस कलला.

"उद्या एका दिसात उठवतो," जालिंदर म्हणाला. "परवापून तेलगावला काम लागलंय, मंग पंधरा दिस जमायचं न्हाई."

"उद्या शनिवार. माझ्या घरावर थापी चालणार नाही."

"तुमी नका हात लावू, मी करतो."

"नाही म्हटलं ना."

"मंग आडवे बांबू तरी बांधून जातो. अर्ध्या तासाचं काम हाय."

सिस्टरांनी आभाळाकडे पाहिलं. त्यांचा शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागायचा, आणि त्याच्या मेणबत्त्या लावायची वेळ झाली होती. "राहू दे," त्या म्हणाल्या.

जीव वाचवायला शनिवार मोडावा, हे त्याच धर्मात सांगितलंय आणि सिस्टरांना ते पाठ होतं. तीस वर्षं शनिवारी बाळंतपणं त्यांनी काही उगीच केली नव्हती. पण आता त्या निवृत्त होत्या, आणि उद्या ओट्यावर बसणाऱ्या बायकांच्या डोक्यावर थापीचा आवाज त्यांना नको होता.

शनिवारी पाठ रंगला. मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणारा एसटीतला कंडक्टर रामहरी सुट्टीवर होता. तोही दारात उभा राहून ऐकत होता. त्याची आई दगडाबाई मान हलवत होती. काचबिंदूनं तिची नजर गेलेली, उजेड-अंधार तेवढा कळे. "विटा तर आल्या बाई," ती हसून म्हणाली. सगळ्या हसल्या.

बायका गेल्या आणि दगडाबाई नेहमीसारखी फेऱ्या मारायला वर गेली. कोंडून बसणं तिला कधी जमलं नाही. तिचा हिशेब पक्का होता: जिन्यातून चाचपडत टाकीपर्यंत जायचं, खरखरीत विटांना पाठ टेकायची, सरळ अठरा पावलं चालायचं, वळायचं. पुढे कड दोन पावलांवर असे.

सिस्टर आतल्या खोलीत बसल्या होत्या. पुस्तक मिटलेलं, हात मोकळे. डोक्यावर तिची पावलं वाजायची त्यांना सवय होती. रोज ती टाकीखालच्या, देवघरासारख्या त्यांच्या छोट्या खोलीवरून सुरू होत. आज ती स्वयंपाकघरावरून सुरू झाली.

त्यांना आधी नुसतंच चुकल्यासारखं वाटलं. पाचव्या पावलाला त्यांनी वर पाहिलं. स्वयंपाकघरावर टाकी नव्हती. तिथं काल रचलेल्या विटा होत्या.

सातव्या पावलाला त्या उठल्या. जिन्याकडे निघाल्या. जिन्याच्या चौथ्या पायरीवरून त्यांनी हाक मारली, पण ती वरपर्यंत पोचली नाही. वरची पावलं निवांत चालली होती. अकरा, बारा, तेरा. चौदावं वाजलं नाही.

संध्याकाळी रामहरी बीडच्या दवाखान्यातून आईचा मृतदेह घेऊन परतला. गल्ली जमली. सिस्टर ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, सकाळच्याच बायका त्यांच्याभोवती. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. रामहरी आला आणि त्यांच्या पायाशी बसला.

"तुमी जिवाला लावून घेऊ नका, सिस्टर," तो म्हणाला. "तुमी सकाळीच समद्यांला सांगितलं व्हतं. विटाबी आणल्या. आमीच ध्यान दिलं न्हाई." त्यानं त्यांचा हात हातात घेतला.

बायकांनी माना डोलावल्या. नुसतं गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. सिस्टरांना गप्प बसावंसं वाटलं, फार वाटलं.

"जालिंदर काल आडवे बांबू बांधून जातो म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासाचं काम होतं. मीच नको म्हटलं."

रामहरीनं वर पाहिलं. "कावून? का नको म्हनलं?"

सिस्टरांनी उघड्या दारातून आतल्या विझलेल्या मेणबत्त्यांकडे पाहिलं. रामहरीनं हात सोडला. मनकर्णा पदर सावरून ओट्यावरून उठली आणि खाली जाऊन उभी राहिली. मग दुसरी उठली, मग बाकीच्याही.