पाण्याचं पोट

“गुरुप्रसाद, मॅडमना पाणी आण रे!”

प्राचार्यांनी दारातून डोकं आत घालून सांगितलं आणि ते पुढे निघूनही गेले. फळ्यापाशी उभ्या असलेल्या गुरुप्रसादने हातातला खडू खाली ठेवला आणि तो पाणी आणायला गेला.

माठातून पेला भरताना त्याला कळलं, आपण काय करून बसलो. आज तो प्रयोगशाळेचा परिचर नव्हता. रसायनशास्त्राचा शिक्षक व्हायला निघालेल्या माणसाचा बी.एड.चा शेवटचा पाठ चालू होता. मागच्या बाकावर बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम गुण द्यायला बसल्या होत्या. आणि शिक्षकच वर्ग सोडून माठापाशी उभा होता.

अठरा वर्षांची सवय. बी.एस्सी. होऊन त्याला नोकरी मिळाली ती परीक्षानळ्या धुण्याची. जयगडपासून पूर्णगडपर्यंतच्या मच्छीमारांची पोरं मत्स्य तंत्रज्ञानाचा कोर्स करायला या कॉलेजात यायची. ती त्याला मामा म्हणायची, आणि काही अडलं की सरांच्या आधी मामांनाच गाठायची. हे त्याने एकदा घरी सांगितलं, तेव्हा त्याची बायको हिरा म्हणाली होती, “शिकवताय तुम्हीच ना? मग सर दुसरा कशाला? बिनपगारी रजा टाका. दोन वर्षं घर मी बघते.”

मासे खारवून तिने घर बघितलं. एक वर्ष पुरतं बघितलं. दुसऱ्या वर्षी गणपतीत तिला ताप आला आणि पाच दिवसांत ती गेली. शिक्षण सोडायचं ठरवून गुरुप्रसादने वह्या बांधायला घेतल्या होत्या. पण पाठाच्या टाचणवहीला तिने घातलेलं कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर हाताला लागलं, आणि त्याने गाठोडं परत सोडलं.

तो पेला घेऊन वर्गात आला तेव्हा पोरं तोंड दाबून हसत होती.

“मामा, येता येता चहा पण आणायचात!” पहिल्या बाकावरून जनी म्हणाली आणि सगळा वर्ग फुटला. जनी पूर्णगडची. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

गुरुप्रसादने त्यांच्याकडे बघितलं. मग पेला त्यांच्यापुढे न ठेवता टेबलावर ठेवला.

“मॅडम, हे पाणी आता तुम्हाला मिळायचं नाही. पाठाला लागणार आहे.”

त्याने पिशवीतून लहानसा बटाटा काढून पेल्यात सोडला. बटाटा तळाला गेला. मग तो चमच्याने मीठ घालून ढवळू लागला. पाचव्या चमच्याला बटाटा हलला, आणखी दोन चमचे पडले तसा वर आला.

“मासे खारवताना आमची आई पण असंच बघते,” जनी पुढे वाकून म्हणाली. “पण मामा, बटाटा वर आला तरी ती मीठ टाकतच राहते. ते का? फुकट नाय जात?”

हे टाचणात नव्हतं. टाचणात दोन ओळींची व्याख्या होती, ती त्याला पाठ होती. ती तोंडाशी आलीही. पण त्याने ती मागे सारली.

“आमच्या घरी याच्यावरून भांडण व्हायचं,” तो म्हणाला. “मी म्हणायचो, पुरे झालं. तर हिरा म्हणायची, बटाटा वर आला म्हणजे पाणी नुसतं जेवायला बसलं. तळाला मीठ उरलं, की त्याचं पोट भरलं. अर्धपोटी पाण्यात मासा नासतो.”

त्याने मीठ घालणं चालूच ठेवलं. शेवटी तळाशी पांढरा थर बसला. त्याने पेला जनीच्या हातात दिला. “ढवळ. हवं तेवढं ढवळ.”

तिने हात दुखेपर्यंत ढवळलं. थर तसाच राहिला.

“आता घेत नाय,” ती हळूच म्हणाली.

गुरुप्रसादने फळ्यावर लिहिलं, ‘पाण्याचं पोट भरलं’. त्याच्याखाली लिहिलं, ‘संपृक्त द्रावण’. पोरांनी दोन्ही ओळी उतरून घेतल्या.

घंटा झाल्यावर मॅडम टेबलापाशी आल्या. “ही व्याख्या कुठल्या पुस्तकातली?”

“पुस्तकातली नाही. माझ्या बायकोची.”

“हुशार आहेत. मला आवडली म्हणून सांगा त्यांना.”

“सांगतो,” गुरुप्रसाद म्हणाला.

सगळे गेल्यावर सवयीने त्याने टेबल आवरलं. पेला मोरीपर्यंत नेला, पण ओतवेना. तो त्याने प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवून दिला.

मे महिन्यात निकाल लागला. पेढ्यांचा पुडा घेऊन तो कॉलेजात आला, तेव्हा प्राचार्यांकडे जाण्याआधी त्याची पावलं प्रयोगशाळेकडे वळली. पेला खिडकीतच होता. बटाटा कुणीतरी काढून टाकला होता. पाणी बरंचसं उडून गेलं होतं, आणि तळाशी मिठाचे चौकोनी खडे धरले होते.

पेल्यावर लेबल होतं. या खोलीतल्या प्रत्येक बाटलीवर अठरा वर्षं त्याच्याच हातचं लेबल असायचं. हे अक्षर जनीचं होतं.

‘मिठाचं संपृक्त द्रावण. कोणी ओतू नये. गुरुप्रसाद सरांचं आहे.’

त्याने पुडा सोडला, एक पेढा पेल्याशेजारी ठेवला आणि मग तो प्राचार्यांच्या खोलीकडे गेला.